एमआरआयमागचे एक विस्मृत नाव : प्रा. एस. एस. धर्मट्टी

दिघा, ऐरोली, रबाळे या पट्ट्यात दुकाने, गोदामे आणि छोटे कारखाने चालवणाऱ्या कुटुंबांना एमआरआय हा शब्द आता परका राहिलेला नाही. मणक्याचे दुखणे असो, गुडघ्याची झीज असो किंवा घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला आलेला पक्षाघाताचा झटका असो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हा शब्द उमटतो, काही हजार रुपये भरले जातात आणि काळ्या-करड्या चित्रांचा मोठा लिफाफा घरी येतो. सांध्यांच्या अथवा मणक्याच्या अहवालात पुष्कळदा 'फॅट सप्रेस्ड' असा एक उल्लेख आढळतो. रुग्ण सहसा तो वाचत नाही आणि वाचला तरी त्याचा अर्थ विचारत नाही. या दोन शब्दांमागे १९५१ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध उभा आहे आणि त्याच्या तीन लेखकांपैकी एक भारतीय होते. त्यांचे नाव प्रा. एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, चुंबकीय अनुस्पंदनाच्या संशोधनाचा पाया त्यांनीच घातला.

त्या निबंधाला सत्तरहून अधिक वर्षे झाली. तरीही देशातील बहुतेक एमआरआय यंत्रे परदेशी कंपन्यांचीच आहेत. मूळ शोधात भारतीय हात असताना यंत्र मात्र विदेशी का राहिले आणि आता हे चित्र पालटू लागले आहे काय, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे. रुग्णालयांना यंत्रे देणाऱ्या, निदान केंद्रे चालवणाऱ्या आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापारी समाजाने तो आवर्जून विचारावा असा आहे.

दहा लाखांमागे पाच

एमआरआय म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने शरीराच्या अंतर्भागाचे चित्र घेण्याची पद्धती. तिच्यात क्ष-किरण वापरले जात नाहीत. मानवी शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचा अणुगर्भ हा जणू एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. एरवी हे असंख्य चुंबक वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात. रुग्णाला प्रबळ चुंबकाच्या पोकळीत निजवले की त्यांपैकी काही त्या चुंबकाच्या दिशेने वळतात, तर काही विरुद्ध दिशेने राहतात.

रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला एवढे असते. पृथ्वीच्या नैसर्गिक चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत ते सुमारे तीस हजार पट प्रबळ म्हणता येईल. इतक्या प्रबळ क्षेत्रातही दोन्ही दिशांच्या अणुगर्भांतील तफावत दर दहा लाखांमागे जेमतेम पाचाची असते. दहा लाखांच्या उलाढालीत पाच रुपये शिल्लक उरावेत असाच हा हिशेब आहे. एमआरआयचे सारे चित्र या पाच रुपयांच्या नफ्यावर उभे असते. शरीरातील अणुगर्भांची संख्या अफाट असल्यामुळेच हा अल्प नफा उपयोगी पडतो.

या अणुगर्भांना विशिष्ट वारंवारतेच्या रेडिओ लहरी दिल्या असता ते त्या शोषून घेतात आणि लहर थांबताच स्वतःचा क्षीण संकेत परत पाठवतात. १.५ टेस्लाच्या यंत्रात ही वारंवारता सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख स्पंदने एवढी असते. एफएम आकाशवाणीच्या पट्ट्याच्या ती थोडी खाली येते. बाहेरच्या रेडिओ लहरी त्यात मिसळू नयेत म्हणून एमआरआयची खोली तांब्याच्या पत्र्यासारख्या धातूच्या आवरणाने चहूबाजूंनी मढवलेली असते.

स्टॅनफर्डमधील तीन शिखरे

अणुगर्भांचा हा प्रतिसाद प्रथम टिपला गेला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. अमेरिकेत हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल आणि स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख यांच्या गटांनी स्वतंत्रपणे केलेले हे कार्य १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९५२ साली त्या दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळी कोणाच्याही मनात रुग्णालय नव्हते. निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणुगर्भांची चुंबकीय शक्ती अचूक मोजावी, एवढाच भौतिकशास्त्रज्ञांचा हेतू होता.

भारतातून गेलेले धर्मट्टी ब्लॉख यांच्या याच प्रयोगशाळेत काम करीत होते. एच. ई. वीव्हर यांच्या समवेत त्यांनी गंधकाच्या एका विरळ समस्थानिकाच्या चुंबकीय शक्तीचे मापन केले. काम किचकट होते आणि त्याचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे तेव्हा कोणी म्हटले नसते.

याच काळात स्टॅनफर्डमध्ये एक अडचण उद्भवली. १९५० मध्ये प्रॉक्टर आणि यू हे दोन संशोधक अमोनियम नायट्रेटच्या द्रावणातील नायट्रोजनचे मापन करीत असताना त्यांना एका संकेताच्या जागी दोन संकेत मिळाले. मूलद्रव्य एक असताना उत्तरे दोन येत होती. ज्यांना अणुगर्भाचे शुद्ध मापन हवे होते त्यांच्या दृष्टीने हा उपद्रवच होता, कारण अणू कोणत्या रासायनिक संयुगात आहे यावर त्याचे उत्तर बदलत होते.

या उपद्रवाचे मोल १९५१ च्या निबंधाने दाखवून दिले. जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड या तिघांनी चुंबकीय क्षेत्र अधिक एकसारखे राखून साधे इथाइल अल्कोहोल, म्हणजे प्रयोगशाळेतील स्पिरिट, तपासले. त्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. तीन एका कार्बनवर, दोन दुसऱ्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. तपासणीत तीन स्वतंत्र शिखरे मिळाली आणि त्यांची क्षेत्रफळे तीनास दोनास एक या प्रमाणात होती. रेणूची रचनाच जणू कागदावर उमटली होती.

यामागचे कारण असे की, प्रत्येक अणुगर्भाभोवती इलेक्ट्रॉनांचे विरळ आवरण असते आणि ते बाहेरील चुंबकीय क्षेत्राला किंचित अडवते. शेजारी कोणता अणू आहे यावर हे आवरण दाट वा विरळ होते. एकाच घराण्याची माणसे तीन निरनिराळ्या बाजारपेठांत पिढ्यानपिढ्या बसली की त्यांच्या बोलीत थोडा फरक पडतो. बोली ऐकून जाणकार पेठ ओळखतो. हायड्रोजनचा अणूही आपल्या 'बोली'वरून आपला शेजार सांगतो. शास्त्राच्या परिभाषेत याला रासायनिक विस्थापन म्हणतात. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अल्कोहोलची ही तीन शिखरे आजही शिकवली जातात.

रुग्णालयातील चित्राशी या शोधाचा थेट संबंध आहे. पाण्यातील हायड्रोजन आणि चरबीतील हायड्रोजन यांच्या बोलीतील अंतर दहा लाखांत सुमारे साडेतीन एवढे आहे. १.५ टेस्लाच्या यंत्रात ते सेकंदाला सुमारे २२० स्पंदनांचे भरते. सहा कोटी चाळीस लाखांत केवळ २२०! परंतु तेवढ्या फरकाच्या आधारे यंत्र चरबीचा संकेत वेगळा काढून दाबून टाकू शकते. चरबीचा झगमगाट मावळला की तिच्याआड दडलेली सूज, हाडातील बारीक इजा किंवा गाठ स्पष्ट दिसते. अहवालातील 'फॅट सप्रेस्ड' या शब्दांचा अर्थ हाच. मेंदूतील गाठीची रासायनिक तपासणीही याच तत्त्वावर चालते. शस्त्रक्रियेपूर्वीच गाठीतील द्रव्यांची शिखरे पाहून तिच्या स्वरूपाविषयी अंदाज बांधता येतो.

मुंबईत रुजलेले रोप

धर्मट्टी भारतात परतले तेव्हा डॉ. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आकार घेत होती. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचा संसार होता. कुलाब्याची आजची वास्तू अजून व्हायची होती. १९५० च्या दशकात धर्मट्टी यांनी येथे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा संशोधन गट उभा केला. साधारण त्याच काळात कोलकात्यातही या विषयावर संशोधन सुरू झाले होते. भारतातील या विद्याशाखेचा आरंभ या दोन नगरांतून झाला.

संशोधकाच्या कारकिर्दीचे मोल केवळ त्याच्या निबंधांच्या संख्येने ठरत नाही. त्याच्या हाताखाली कोण घडले आणि त्यांनी पुढे काय उभे केले, हेही जमेच्या बाजूस धरावे लागते. मुंबईच्या या गटात घडलेले गिरिजेश गोविल जैविक रेणूंच्या अभ्यासाकडे वळले. १९८३ मध्ये टीआयएफआरमध्ये उच्च क्षेत्रीय अनुस्पंदनाची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली, तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्याच परंपरेतील रामकृष्ण होसूर यांनी प्रथिनांच्या रचनेवर दीर्घकाळ संशोधन केले आणि २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. आर. विजयराघवन धातू आणि मिश्रधातूंच्या दिशेने गेले. १९९४ मध्ये टीआयएफआरमधून अतिसंवाहक पदार्थांचे एक नवे कुल जगापुढे आले, त्या निबंधाच्या लेखकांत त्यांचे नाव आहे.

एमआरआयच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव चुन्नीलाल खेत्रपाल यांचे. संशोधनाचा आरंभ मुंबईच्या या गटात करून ते बंगळूरला गेले, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यानंतर लखनौ येथे संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या आवारात जैववैद्यकीय चुंबकीय अनुस्पंदनाचे केंद्र त्यांनी उभारले. स्पिरिटच्या तीन शिखरांपासून निघालेली ही परंपरा अशा रीतीने रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली.

शिखरांपासून चित्रापर्यंत

दरम्यान जगात या विद्येने मोठी झेप घेतली. १९७१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर रेमंड डॅमेडियन यांनी उंदरांतील कर्करोगाच्या गाठींचा संकेत निरोगी पेशींहून वेगळा येतो, असे दाखवले. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम क्रमाने चढउतार ठेवून संकेत नेमका कोठून आला हे ओळखण्याची युक्ती शोधली आणि पाण्याच्या दोन नळ्यांचे चित्र मिळवले. 'नेचर' या नियतकालिकाने त्यांचा लेख प्रथम नाकारला होता. वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सोडलेले इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड पुढे शिकून भौतिकशास्त्रज्ञ झाले आणि तासांचे काम क्षणांत उरकणारी चित्रणपद्धती त्यांनी मांडली. जुलै १९७७ मध्ये डॅमेडियन यांनी घेतलेल्या मानवी छातीच्या पहिल्या चित्राला जवळजवळ पाच तास लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या वेगाचे महत्त्व पटते. २००३ चे वैद्यकाचे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले. डॅमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन त्याचा निषेध केला. अनुस्पंदनाच्या इतिहासातील हा कटू अध्याय आहे.

त्यानंतर एमआरआय केवळ अवयवांचा आकार दाखवून थांबला नाही. १९८० च्या दशकात फ्रान्सचे डेनिस ल बिहान यांनी ऊतींमधील पाण्याच्या सूक्ष्म हालचालीचे चित्र घेतले. पक्षाघातानंतर मेंदूचा कोणता भाग धोक्यात आहे हे आज त्या तंत्रामुळे लवकर कळते. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणावरून मेंदूचा कार्यरत भाग ओळखण्याचे तत्त्व मांडले. २०२४ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथील संशोधकांनी ११.७ टेस्लाच्या, १३२ टन वजनाच्या चुंबकाने मानवी मेंदूची चित्रे प्रसिद्ध केली.

भारतातील पहिले एमआरआय यंत्र १९८६ मध्ये दिल्लीतील इन्मास या संरक्षण संशोधन संस्थेत आले. ते परदेशातूनच आले होते. देशात या शास्त्राचे जाणकार होते, परंतु शास्त्र जाणणे आणि यंत्र बांधणे यांमध्ये मोठी दरी असते. यंत्राचे हृदय म्हणजे नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारेची वेटोळी. ती द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवावी लागतात. जुन्या धाटणीच्या यंत्राला दीड-दोन हजार लिटर हेलियम लागतो आणि भारत तो आयात करतो. २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची कोंडी केली तेव्हा जगातील हेलियमचा पुरवठा विस्कळीत झाला होता. अशा यंत्रासाठी तार, शीतकरण, अचूक विद्युत-उपकरणे आणि संगणकप्रणाली यांचे उद्योग एकत्र नांदावे लागतात. त्यासाठी अनेक वर्षे भांडवल परताव्याविना गुंतून राहते. ते गुंतवण्याची तयारी आपल्याकडे दीर्घकाळ दिसली नाही.

दिघ्याच्याच रेल्वेमार्गावर

दिघागाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. तेथून पनवेलच्या लोकलने निघाले की त्याच मार्गावर खारघर लागते. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था ॲक्ट्रेक आहे आणि 'समीर' या शासकीय संशोधन संस्थेचे नवी मुंबईतील केंद्रही आहे. 'समीर'चे मूळ टीआयएफआरमध्येच सापडते. १९७७ मध्ये तेथे सूक्ष्मलहरींच्या उपकरणांचा एक विभाग निघाला आणि १९८४ मध्ये त्याची स्वायत्त संस्था झाली. कर्करोगावर किरणोपचार करणारी स्वदेशी यंत्रे तिने यापूर्वी तयार केली असून त्यांपैकी एक वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या रुग्णालयात बसवले गेले.

स्वदेशी १.५ टेस्ला एमआरआय यंत्राच्या प्रकल्पाचे नेतृत्व हीच संस्था करीत आहे. चुंबकाचे काम दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राकडे आहे, तर सी-डॅकची तिरुवनंतपुरम आणि कोलकाता येथील केंद्रे अन्य भागांत सहभागी आहेत. मार्च २०२५ मध्ये चाचण्यांसाठी यंत्र बसवण्याबाबत दिल्लीच्या एम्सशी सामंजस्य करार झाला. खासगी क्षेत्रातही अर्जुन अरुणाचलम यांच्या बंगळूरच्या 'व्हॉक्सेलग्रिड्स' या कंपनीने शासकीय साहाय्याने १.५ टेस्लाचे यंत्र विकसित केले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे दिल्लीत अनावरण झाले. पुढे महाराष्ट्रातच, चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात, कंपनीचे यंत्र बसवण्यात आले.

या घडामोडींत दिघा-रबाळे परिसरातील उद्योजकांनाही वाव आहे. यंत्राचा गाभा मोठ्या प्रयोगशाळांतच घडेल. परंतु तांब्याचे आवरण, लोहविरहित खाट, शीतजलाची यंत्रणा, संकेत टिपणाऱ्या वेटोळ्यांचे साचे, चुंबकाकडे खेचली न जाणारी अवजारे व चाकाच्या खुर्च्या यांसाठी काटेकोर काम करणारे छोटे कारखानेच लागतात. देशी यंत्रांची संख्या वाढली तर ही मागणी वाढेल. गुणवत्तेची प्रमाणपत्रे आणि अचूकतेची शिस्त यांची तयारी जो आधी करील, त्याला ती मिळेल.

दात्यांच्या खतावणीतील दुसरे पान

समाजातील अनेक न्यासांनी अल्पदरातील निदान केंद्रे उभारून फार मोठी सेवा केली आहे. यंत्राचे लोकार्पण झाले, फलक लागला, दात्यांचा सत्कार झाला की कर्तव्य पूर्ण झाले असे मात्र मानता येणार नाही. खरेदीची किंमत हा खतावणीतील पहिला आकडा होय. वार्षिक देखभाल करार, वीज, शीतकरण, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ हे आकडे दुसऱ्या पानावर वर्षानुवर्षे येत राहतात. ते पान आधी न लिहिल्यामुळे यंत्र बंद पडून राहण्याची वेळ येऊ शकते.

ज्ञानाच्या उणिवेची किंमत पैशापुरतीच मर्यादित राहत नाही. एमआरआयचा चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचा धातूचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी लक्षात ठेवावे : खोलीत जाण्यापूर्वी दागिने, किल्ल्या, भ्रमणध्वनी, घड्याळ बाहेर ठेवावे, शरीरात पेसमेकर, धातूची क्लिप किंवा जुन्या शस्त्रक्रियेतील धातू असल्यास ते तंत्रज्ञाला आधीच स्पष्ट सांगावे, आणि कोणी कितीही घाई केली तरी धातूची वस्तू आत नेऊ नये.

दात्यांनी आणखी एका खात्याचा विचार करावा. ज्या न्यासाने यंत्र दिले, त्याने त्याच्या खर्चातील अल्प अंश बाजूला काढून एखाद्या होतकरू तंत्रज्ञाचे प्रशिक्षण किंवा वैद्यकीय भौतिकीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती चालवावी. यंत्र दहा-पंधरा वर्षांत जुने होते आणि मोडीत निघते. माणूस घडला तर तो आणखी माणसे घडवतो. मुंबईत धर्मट्टी यांच्या गटातून गोविल आणि खेत्रपाल निघाले, त्यांच्या संस्थांतून पुढची पिढी निघाली. हा परतावा कोणत्याही मुदत ठेवीच्या दरात बसवता येत नाही, तरी तो वाढतच राहिला आहे.

व्यापारी घरांतील मुले आज वाणिज्य, संगणक आणि व्यवस्थापन यांकडे मोठ्या संख्येने जातात, ते योग्यच आहे. त्यांच्यातील एखाद्या मुलीने अथवा मुलाने भौतिकशास्त्र शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर 'यात मिळणार काय?' हा पहिला प्रश्न घरातून येतो. १९५१ मध्ये स्पिरिटच्या बाटलीतील तीन शिखरे मोजणाऱ्या धर्मट्टी यांच्याकडेही या प्रश्नाचे उत्तर नसते. अशा मुलाला घराने चार-सहा वर्षे निश्चिंतपणे शिकू द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. घरची पेढी सांभाळायला भावंडे असतात, आणि खारघरच्या प्रयोगशाळेला चांगल्या माणसांची गरज दीर्घकाळ राहणार आहे.